चढाचं सोडा, उताराची तयारी करा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कमाटीबागेच्या आसपास धावून हाफ मॅरेथॉन दोन तास दहा मिनिटांत होते, आता डिसेंबरात सह्याद्रीतल्या २५ किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीत, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतीत, नाव घातलंय, एकूण चढाई १००० मीटर, हातात तीन महिने आहेत आणि बडोद्यात साधं टेकाडही नाही.

आधी वेळेची समजूत घालून घ्या. ट्रेलवाले दर १०० मीटर चढाईला सपाटीचा एक किलोमीटर जास्त धरतात, म्हणजे तुमची शर्यत ३५ किलोमीटरची झाली. त्यात पायाखाली डांबर नाही. साडेचार-पाच तास धरून चाला आणि किलोमीटरला किती मिनिटं लागली हे घड्याळात बघणं त्या दिवसापुरतं बंद.

चढाची एवढी धास्ती नको. उभ्या चढावर बहुतेक सगळे चालतातच. हात मांड्यांवर, पावलं लहान, श्वास आवरेल एवढाच वेग. खरा मार उतारावर बसतो, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अंगाचं वजन झेलतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. माझ्या पहिल्या शर्यतीत मी चढावर ऐटीत लोकांना मागे टाकलं आणि डोंगराच्या सोंडेवरून उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीवर, मांड्या अशा थरथरायला लागल्या की शेवटी बसून घसरत आले. नंतर चार दिवस दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना दोराला लटकून, पाठमोरी उतरत होते. सासूबाई खाली उभ्या राहून हसत होत्या, ते वेगळंच.

यावर औषध एकच, आधी थोडा मार खाऊन ठेवायचा. एकदा स्नायूंना उताराची सवय लागली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराचा त्रास कमी होतो. आपल्याकडे त्यासाठी पावागडचा डोंगर आहे की! हालोलमार्गे साधारण ५० किलोमीटर. चांपानेरहून जुन्या दरवाजांतून जाणाऱ्या वाटेने माची, तिथून पायऱ्यांनी मंदिर. सगळं मिळून ६०० मीटरच्या आसपास चढ होतो. आपले लोक काय करतात, तर घाम गाळत वर जातात, दर्शन घेतात आणि माचीपर्यंत उडनखटोल्यात, म्हणजे रोपवेत, बसून खाली येतात. म्हणजे जे शिकायचं तेच सोडून द्यायचं. कंटाळा आला तर वर जाताना बसा, उतरायचं मात्र पायीच. नजर पायावर नाही, दोन-तीन पावलं पुढे. पावलं छोटी, भराभर. गुडघे जरा वाकलेले. टाच आपटून ब्रेक मारू नका.

पंधरा दिवसांतून एकदा गेलात तरी पुरे. सप्टेंबरात पायऱ्यांवर शेवाळ असेल, सांभाळून. नवरात्रात तर फिरकूच नका, गर्दीत पाऊल टाकायला जागा नसते. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

पायऱ्या म्हणजे ट्रेल नव्हे, हेही खरं. सुटी माती पायाला कळावी म्हणून आठवड्यातून एक दिवस सिंधरोटकडे मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, धावा. चढ किरकोळ आहेत, पण तोल सावरायची सवय लागते. डिसेंबरात सह्याद्रीत सुकलेलं गवत आणि त्याखाली मुरूम असतो, बॉल बेअरिंगवर धावल्यासारखं वाटतं.

बूट खोल खाचांच्या तळव्याचे घ्या आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, नाहीतर नखं काळी पडतात. माझी दोन गेली. खायला धावणाऱ्यांच्या एनर्जी जेलवर पैसे घालवायलाच हवेत असं नाही. चिक्की आणि खारे दाणे मला चालतात. तुम्हाला काय पचतं ते पावागडावरच ठरवा, शर्यतीत नवीन काही तोंडात टाकू नका.

आम्ही चौघं-पाच जण महिन्यातून दोन शनिवारी पहाटे साडेचारला बडोद्यातल्या मांडवीवरून पावागडला निघतो. गाडीत एक जागा असते, येणार असाल तर आदल्या रात्री कळवा.