चिऱ्याचं घर आणि समुद्राकडची काच

प्रश्न : राजापूर तालुक्यात, समुद्राजवळच्या वडिलोपार्जित जागेत एक मजली घर बांधायचं आहे. मुलाने पसंत केलेल्या आराखड्यात सपाट स्लॅब आहे, छज्जे नाहीत आणि पश्चिमेला अख्खी काचेची भिंत आहे. कंत्राटदार आरसीसी कॉलम-बीमचा आग्रह धरतो, गावचे गवंडी म्हणतात चिऱ्यातच, म्हणजे जांभ्या दगडातच बांधा. किल्लारीच्या भूकंपापासून घरच्यांना दगडी भिंतींची धास्ती आहे. काय करावं?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : गवंड्यांचं ऐका. फक्त त्यांना एक अट घाला, ती खाली सांगतो.

धास्तीचं आधी बोलू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात कोसळलेली घरं दगडाची होती, पण कशी? मातीत रचलेले अनघड दगड, भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. हादरा बसताच थर फाकले आणि माळवद खाली आलं. सिमेंटच्या मसाल्यात सांधमोड करून, म्हणजे उभे सांधे एकावर एक येऊ न देता रचलेला घडीव चिरा ही निराळी गोष्ट आहे. आता अट : जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि प्रत्येक मजल्याच्या छताखाली सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारे काँक्रीटचे पट्टे हवेतच, आणि कोपऱ्यांत उभ्या सळया. पट्टा कोपऱ्यात तुटू देऊ नका, सळई वळवून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे. उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी भिंतीलाही तिरका पट्टा घ्या, कारण आधी पडते ती तीच. भिंतींची जाडी आणि सळयांचा हिशेब मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

चिरेखाणीवर स्वतः जा. दोन-चार चिरे फोडून बघा. आत पांढरट मातीच्या नसा दिसल्या तर तो माल परत करा. पावसात ती माती धुऊन जाते आणि चिरा पोखरतो. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून तो कडक होत जातो, म्हणून काही महिने उघड्यावर पडलेला माल उत्तम.

कॉलम-बीम उभे केलेत तर हाच चिरा नुसती भर म्हणून उरतो. भार पेलायची त्याची ताकद वाया जाते आणि पैसे दोन्हींचे मोजावे लागतात. शिवाय खारा वारा. मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्यावरच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस 456 ला, म्हणजे काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाला, एम 30 ही ताकदीची प्रत आणि सळईवर 45 मिलिमीटरचं काँक्रीटचं आवरण लागतं. तुमच्या कंत्राटदाराच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. एम 20 आणि 20 मिलिमीटर असेल तर सही करू नका.

सपाट स्लॅबचं तुम्हाला गावातच दिसेल : कोकणात किती बंगल्यांच्या गच्चीवर गळती थांबवायला मागाहून पत्र्याची शेड चढली आहे! म्हणजे छपराचा खर्च दोनदा. त्यापेक्षा पहिल्यापासूनच उतरतं कौलारू छप्पर घ्या आणि वळचण भिंतीच्या चांगली पुढे काढा, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील.

मुलाची काच मी काढायला सांगणार नाही. समुद्र समोर असताना ती हौस अगदी बरोबर आहे. मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यापुढे हाच पेच होता. वारा आणि समुद्राचा देखावा पश्चिमेकडून, आणि तापलेलं ऊन व पावसाची झडही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचाच विचार उंच इमारतीत नेला, कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या आणि घर त्यांच्या आडोशाला घेतलं. ती इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली. मुलाला तिचे फोटो जरूर दाखवा. तुमच्याकडे हेच काम पडवी करेल. सहा-सात फूट रुंद पडवी ठेवा आणि काच तिच्या आत बसवा. समुद्र तसाच दिसेल, झड काचेपर्यंत क्वचितच येईल.

छज्जे काँक्रीटचे केलेत तर खालच्या बाजूला, कडेपासून दोनेक इंच आत, सलग खाच ठेवायला सांगा. पाणी तिथेच तुटून खाली पडतं. ती नसेल तर ते छज्ज्याच्या पोटाला धरून भिंतीत जातं. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावतानाच पट्टी ठोकली की काम झालं. नंतर छिन्नीने खोदू देऊ नका.

प्रश्न : स्लॅबला किती दिवस पाणी मारायचं? मिस्त्री म्हणतात तीन दिवस पुरे.
– एक वाचक, कराड

उत्तर : पुरे नाहीत. ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसी म्हणजे पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला 10 दिवस, असं आयएस 456 सांगतं. उन्हाळ्यात हेच 10 आणि 14 धरा. पोत्यावर प्रकार छापलेला असतो, तो बघून घ्या. पाइपने नुसतं शिंपडू नका. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून वाफे करा आणि पाणी भरून ठेवा.