चाल लावली, चाल बांधली की संगीत दिलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'आमच्याकडची जुनी माणसं "वसंत देसायांनी झनक झनक पायल बाजे सिनेमाच्या गाण्यांना चाल लावली" असं म्हणतात. छापलेलं वाचावं तर "संगीत दिलं" असतं. "चाल लावणे" हे गावंढळ आहे का?'

मुळीच नाही. आपल्या भागात तर 'चाल' हा मानाचा शब्द आहे. संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे लोकांच्या ओळखीच्या एखाद्या गाण्याचे शब्द देत. तेवढ्यावरून ते पद कसं म्हणायचं हे कळे. 'शाकुंतल' (१८८०) लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या पदांत कानडी चालीही आल्या. कानडीत याच अर्थानं 'मट्टु' किंवा 'धाटी' म्हणतात. निपाणी-चिकोडीकडच्या दुभाषिक माणसाला हे वेगळं सांगायला नको.

माझ्या मते खरा फरक क्रियापदांत आहे. 'लावणे' दोन्हीकडे चालतं: चाल नवी असो वा आयती. सप्ताहात एखादा भजनी बुवा तुकोबांच्या अभंगाला सिनेमाच्या गाण्याची चाल लावतो, तेव्हा चाल दुसऱ्याची असते, लावणं त्याचं. 'बांधणे' मात्र नव्यासाठीच, बंदिश बांधतात तसं. 'मानापमान' नाटकासाठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी चाली 'दिल्या' असंही आपण म्हणतो. देसायांचं श्रेय नेमकं सांगायचं असेल, तर 'चाली बांधल्या' मला जास्त आवडतं.

तरी 'संगीत दिलं' याची जागा यांतलं कुठलंच क्रियापद घेऊ शकत नाही. चाल शब्दांना लागते. हसरत जयपुरींच्या 'नैन सो नैन' या गीताला देसायांनी मालगुंजी रागाचा रंग दिला आणि हेमंतकुमार-लता यांनी ते गायलं, इथवर चालीचं राज्य. पण १९५५ चा हा चित्रपट नृत्याचा. सामताप्रसादांचा तबला, नृत्यप्रसंगाच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मांनी वाजवलेलं संतूर, दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे, या सगळ्याला चाल म्हणता येत नाही. 'पार्श्वसंगीताला चाल लावली' असं कुणी म्हणतही नाही. देसायांनी हे सारं कल्पिलं, वादक निवडले, सगळ्यांना एका सुरात आणलं. कुडाळजवळच्या सोनवड्याच्या या माणसाचं काम नुसत्या चालीवर मोजलं, तर अर्ध्याहून अधिक काम नजरेआड होतं, आणि ते मला मनापासून खटकतं.

जुन्या माणसांनी 'चाल'च का धरली, हेही उघड आहे. घरी नेता येते ती चालच. संतूर पडद्यामागे राहतं, चाल भजनात, हळदीच्या गाण्यांत, शाळेच्या प्रार्थनेत जाऊन बसते. कीर्तनात मागे उभ्या टाळकऱ्यांना आपण 'चाल म्हणणारे' म्हणतो, म्हणजे कान आधीपासूनच त्या शब्दावर पोसलेला.

तेव्हा गाण्यांपुरतं बोलताना 'चाल' खुशाल म्हणा, चित्रपटासाठी 'संगीत दिलं' ठेवा. वाचकाच्या वाक्यात एकच दुरुस्ती सुचवतो. गाणी अनेक आणि प्रत्येकाची चाल निराळी, म्हणून 'गाण्यांना चाल लावली' ऐवजी 'गाण्यांना चाली लावल्या'. एकवचन ठेवलं तर सगळी गाणी एकाच चालीवर होती असा अर्थ होईल.