घरचा संगणक: हात कुठे आखडावा, कुठे नाही

घरगुती वापराच्या संगणकाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिचे ऑनलाइन वर्ग आणि पुढे थोडे प्रोग्रॅमिंग, माझ्याकडे असलेले सोसायटीचे हिशेब, आयकर विवरणपत्र आणि आईसाठी यूट्यूबवरची कीर्तने, एवढीच आमची गरज आहे. घरात जुना पण सुस्थितीतला मॉनिटर असून त्याला फक्त व्हीजीए जोडणी आहे. मॉनिटर सोडून ३५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. जवळच्या दुकानदाराने ग्राफिक्स कार्डासह ‘गेमिंग’ संच सुचवला असून तो ५०,००० च्या पुढे जातो. लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग घ्यावेत का?
– एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर: सुटे भाग अवश्य घ्यावेत, ग्राफिक्स कार्ड मात्र घेऊ नये. आपण लिहिलेल्या कामांपैकी एकालाही त्याची गरज नाही आणि ५०,००० च्या त्या संचातला मोठा वाटा त्या कार्डाचाच असणार. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असलेला इंटेल कोअर आय३-१२१०० हा २०२२ साली आलेला प्रोसेसर आपल्या घराला पुष्कळ वर्षे पुरेल. त्यात चार कोअर (स्वतंत्र गणनकेंद्रे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. शिवाय यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ या पद्धतीने आवळून पाठवते आणि ते उलगडण्याची यंत्रणा याच ग्राफिक्समध्ये असल्यामुळे, आपल्या आई कीर्तन ऐकत असताना प्रोसेसरवर फारसा भार पडत नाही. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा प्रोसेसर जवळपास त्याच भावात मिळाला तर प्रोग्रॅमिंगसाठी तो उजवा ठरेल. त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ची सोय नाही, पण साधे खेळ त्यावर अधिक चांगले चालतात. भाव विचारताना नावाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष असू द्यावे. १२१००एफ हा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात ग्राफिक्सच नसते, आणि कार्ड न लावता तो घरी आणला तर पडदा काळाच राहील.

आय३ घेतल्यास त्याला एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, पुरेसा आहे. हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्यांनुसार दोन वेगळ्या प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून बोर्ड आणि रॅम एकाच काउंटरवर समोरासमोर ठेवून घ्यावेत. मागच्या पट्टीवर व्हीजीए आणि एचडीएमआय ही दोन्ही तोंडे असलेला बोर्ड मागितला, की आपला जुना मॉनिटर आहे तसा चालेल आणि पुढे नवा घेतला तरी अडचण येणार नाही.

आता रॅमविषयी, कारण सध्या सगळे गणित तिथेच बिघडते. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी इतकी वाढली की उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली, आणि त्याची झळ रॅमबरोबर एसएसडीलाही (फाइली साठवणाऱ्या चिपच्या डिस्कलाही) बसली. त्यामुळे त्याआधीच्या किमतींवर बेतलेली यादी कोणी आपल्याला पाठवली असेल तर ती बाजूला ठेवावी. १६ जीबी रॅम बजेटमध्ये बसली तर उत्तमच. न बसल्यास ८ जीबीची एकच स्टिक घ्यावी आणि बोर्डवरचा दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. त्याऐवजी ४ जीबीच्या दोन स्टिक कोणी गळ्यात मारू पाहील, त्या घेऊ नयेत, कारण पुढे वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतात. खात्रीच्या दुकानातून वापरलेली रॅम घ्यायलाही माझी हरकत नाही. रॅममध्ये झिजण्यासारखा हलता भाग नसतो आणि मेमटेस्ट८६ हा मोफत प्रोग्रॅम रात्रभर चालवला की खोट असल्यास बहुधा उघडी पडते.

एसएसडी मात्र नवीच घ्यावी, कारण तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते आणि आधीच्या मालकाने त्यातले किती खर्ची घातले हे वरून दिसत नाही. ५०० जीबीची साधी एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणाऱ्या वेगवान प्रकारची) एसएसडी आपल्याला पुरेल. खोक्यावरचे सेकंदाला हजारो एमबीचे आकडे मोठ्या फाइली हलवताना उपयोगी पडतात. ब्राउझर उघडणे किंवा हिशेबाची फाइल जतन करणे यांत स्वस्त आणि महाग एनव्हीएमईतला फरक जाणवत नाही.

सगळ्यात जास्त काटकसर होते ती एसएमपीएसवर, म्हणजे संचाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि तिथेच ती करू नये, असे माझे ठाम मत आहे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते, पण आतली उष्णताशोषक पट्टी कागदासारखी पातळ असते आणि दाब वाढल्यास वीज तोडणारी सुरक्षा-मंडले कित्येकदा गाळलेली असतात. असा एसएमपीएस जातो तेव्हा तो मदरबोर्डालाही बरोबर घेऊन जाऊ शकतो. आपल्या प्रोसेसरची विजेची कमाल गरज ८९ वॅट आहे. म्हणजे संपूर्ण संच जोरात चालला तरी दीडशे वॅटच्या आतबाहेरच राहील. प्रश्न मोठ्या वॅटचा नाही, खऱ्या वॅटचा आहे. ‘८० प्लस’ हे वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४०० किंवा ४५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा आणि त्यासाठी कॅबिनेट सर्वांत साधे निवडावे. रंगीत दिवे आणि काचेची बाजू यांवर वाचलेले पैसे इथे कामी येतील. एकूण रकमेपैकी साधारण निम्मी प्रोसेसर आणि बोर्डवर जाईल, असे धरून चालावे.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, जाण्यासाठी आपल्याला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरावे लागेल. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. कामाच्या दिवशी दुपारी जावे. पहिल्या दुकानात खरेदी न करता तीनचार ठिकाणी लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे स्पष्ट विचारावे. ‘बिल नको असेल तर भाव कमी करतो’ या वाक्याला बळी पडू नये, कारण पक्के बिल नसेल तर वॉरंटी मागायला जागा राहत नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण त्याबरोबर पंखा येत नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही सहसा मिळत नाही. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक खोक्यावर, वस्तूवर आणि बिलावर एकच आहे ना, हे तिथेच उभे राहून ताडून पाहावे.

जोडणी दुकानातच करून घेतलेली बरी, पण मुलीला बरोबर न्यावे आणि तिला ती पाहू द्यावी. या बोर्डाच्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक पिना असतात. प्रोसेसर बसवल्यावर त्यांवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण उडून बाजूला पडते आणि बहुतेक जण ते कचऱ्यात टाकतात. ते झाकण मागून घ्यावे. बोर्ड कधी दुरुस्तीला पाठवावा लागला आणि झाकणाविना गेलेल्या बोर्डाची एखादी पिन वाकली, तर वॉरंटी नाकारली जाते. संच चालू करून पडद्यावर रॅम आणि एसएसडीचे आकडे दाखवायला सांगावे, मगच पैसे द्यावेत. परतताना गर्दीची वेळ टाळून लगेजच्या डब्यातून यावे, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

प्रश्न: माझ्याकडे २०१३ च्या सुमारास घेतलेला, चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा संगणक आहे. तो चालू व्हायला पाच मिनिटे घेतो आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. मी निवृत्त शिक्षिका असून मराठी लेखन, ईमेल आणि बँकेचे व्यवहार करते. नवा घ्यावाच लागेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: नाही, बाई, लगेच तर नाहीच. आपल्या संगणकाचा संथपणा प्रोसेसरचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा आहे. तिची सुई फिरत्या तबकडीवर जागा शोधत हिंडते आणि विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते, तर साधी साटा (जुन्या संगणकांतही चालणाऱ्या जोडणीची) एसएसडी त्याच वेळात हजारो वाचते. २५० जीबीची साटा एसएसडी बसवली की पाच मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटावर यावे. रॅम ४ जीबी असल्यास डीडीआर३ची ४ जीबीची आणखी एक वापरलेली स्टिक घालावी.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा लागते, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अद्यतनांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली, पण ती तात्पुरती सोय आहे. अट चुकवून विंडोज ११ चढवून देणारे कारागीर मिळतील. बँकेचे व्यवहार करणाऱ्या संगणकावर मी तसे करणार नाही, कारण पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा लिनक्स मिंट बसवून घ्यावे. ते मोफत आहे, त्यात लिब्रेऑफिस येते आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाचीही सोय आहे. एकच अडचण सांगतो: आपले जुने लेखन युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फाँटात असेल, तर संगणक बदलण्याआधी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे, नाहीतर नव्या यंत्रणेत त्या फाइली निरर्थक अक्षरांच्या रांगा म्हणून उघडतील.

प्रश्न: कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड संगणक ‘रिफर्बिश्ड’ म्हणून निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. ते घ्यावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बजेट २०,००० च्या आत असेल तर नव्या जोडणीपेक्षा तेच घ्यावेत. आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर नसावा, एवढी एक अट पाळावी. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवून डिस्क किती तास चालली आहे ते पाहावे. आकडा मोठा दिसला तर नव्या एसएसडीचे पैसे हिशेबात धरूनच भाव करावा. या यंत्रांचा एसएमपीएस आणि बोर्ड कित्येकदा कंपनीच्या खास मापाचे असतात, त्यामुळे बाजारातला साधा भाग त्यांत बसत नाही. म्हणून दुकानदाराची किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घ्यावी.

प्रश्न: आमची खोली चाळीत तळमजल्यावर आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि वीजही अधूनमधून जाते. संगणक टिकेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: टिकेल, पण तो जमिनीवर ठेवू नये आणि ओल्या भिंतीला टेकवू नये, भिंतीपासून वीतभर अंतर आणि खाली फूटभर उंची असावी. पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी चालू ठेवावा. दमटपणा साचतो तो बंद पडून राहिलेल्या यंत्रात. चालू यंत्राची ऊब आतला भाग कोरडा ठेवते. चालू संगणकावर प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र कधीच घालू नये. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्यावा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संचाला तो फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ सहज देतो. त्याची बॅटरी दोनतीन वर्षांनी बदलावी लागते. यूपीएस घेण्याआधी मात्र वायरमनकडून खोलीतले अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असूनही तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नसते, हे सर्रास आढळते. चालू संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील, तर आपल्याकडेही तसेच असण्याची शक्यता आहे आणि ते काम यूपीएसच्या आधी करावे.