पॅरिसला जाताय ना? मग रेसिडेन्स परमिट घ्याच
तुम्ही चौघंही पंचविशीच्या आतले आणि शिकायला जर्मनीत, तेव्हा पासपोर्टसोबत रेसिडेन्स परमिट ठेवाच. युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं फुकट आहेत, पासपोर्ट भारतीय असला तरी. लूव्रची वेळ मात्र आधी ऑनलाइन घ्या. मला हे ठाऊक नव्हतं, पूर्ण तिकीट काढून बसले. अजून हळहळ वाटते.

आयफेलला लिफ्ट नको. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, तिकीट स्वस्त पडतं आणि लोखंडी जाळीतून शहर हळूहळू खाली जाताना दिसतं. रात्री नुसतं टॉवरसमोरच्या त्रोकादेरो चौकात बसा, अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर चमचमतो.

जेवायला बेकरीतला गरम ‘बागेत’ (लांबट फ्रेंच पाव), सुपरमार्केटमधलं चीज आणि सेन नदीचा काठ. पाणी नळाचं प्या. हिशोब रोज रात्री एकानंच लिहायचा.