पायमोज्यांसाठी दुटोकी सुया कशा निवडाव्यात?

प्रश्न : माझा मुलगा तारवटी असून यंदा त्याचे जहाज बराच काळ उत्तर समुद्रात असणार आहे. त्याच्यासाठी लोकरीचे पायमोजे विणावेत म्हणून मी दोन्ही बाजूंना टोके असलेल्या चार पोलादी सुयांचा, २० सेंटिमीटर लांबीचा संच आणला. दोन सुयांवर स्वेटर विणण्याची मला जुनी सवय आहे; परंतु इथे हातात नसलेली सुई टाक्यांतून घसरून पडते आणि दोन सुयांच्या सांध्यावर शिडीसारखी फट दिसते. बांबूच्या सुया घ्याव्यात काय? लांबी आणि जाडी किती असावी?
– एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : पहिल्या जोडासाठी आपण बांबूच्या, १५ सेंटिमीटर लांबीच्या, पाच सुयांचा संच घ्यावा, असे मी निःशंकपणे सुचवीन. पोलाद गुळगुळीत आणि वजनाला जड असल्यामुळे मोजके टाके असलेली सुई स्वतःच्याच भाराने निसटते; बांबू हलका असतो आणि लोकरीला किंचित धरून ठेवतो. मात्र पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेत हाताला घाम आला, की हीच धरून ठेवण्याची वृत्ती त्रासदायक होते आणि टाके पुढे सरकेनासे होतात. अशा वेळी सुया कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात, आणि काम संपल्यावर त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता कापडी पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे बुरशी धरणार नाही.

सुयांची संख्या आणि लांबी यांचा विचार टाक्यांच्या हिशेबाने करावा लागतो. मुलाच्या पावलाचा घेर २५ सेंटिमीटर आहे असे धरू. मोजा पायाला घट्ट बसण्यासाठी तो घेरापेक्षा सुमारे दहा टक्के लहान, म्हणजे २२.५ सेंटिमीटर हवा. १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके बसत असतील तर एकूण ७२ टाके घालावे लागतील. चारच सुया असल्या तर तीन सुयांवर प्रत्येकी २४ टाके येऊन विणीचा त्रिकोण होतो, त्याचे कोपरे अरुंद असतात आणि सांध्यावरचा धागा अधिक ताणला जातो. पाच सुया असल्या तर चौकोन होतो आणि हा ताण पुष्कळ कमी होतो. प्रत्येक सुईवर १८ टाके, म्हणजे साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास वीण राहते. त्यामुळे १५ सेंटिमीटरची सुई पुरते, आणि २० सेंटिमीटरच्या सुईची टोके बाहीत आणि एकमेकींत अडकतात तसे होत नाही. हातमोज्यांच्या १० सेंटिमीटरच्या सुया मात्र मोहात पडून घेऊ नयेत, कारण टाचेची पट्टी विणताना निम्मे, म्हणजे ३६ टाके एकाच सुईवर येतात आणि त्यांनाच ११ सेंटिमीटरहून अधिक जागा लागते.

जाडीच्या बाबतीत पाकिटावरच्या क्रमांकावर विसंबू नये. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणून १४ क्रमांकाची सुई २ मिलिमीटरची आणि १२ क्रमांकाची २.७५ मिलिमीटरची असते; अमेरिकन पद्धतीत नेमके उलट, ० म्हणजे २ आणि २ म्हणजे २.७५ मिलिमीटर. दुकानात मिलिमीटरच विचारावेत. मोज्यांच्या बारीक लोकरीसाठी, म्हणजे १०० ग्रॅमच्या लच्छीत सुमारे ४०० मीटर धागा येतो त्या लोकरीसाठी, २.५ मिलिमीटरपासून सुरुवात करावी आणि नमुना गोलातच विणून टाके मोजावेत, कारण पुष्कळ जणींचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात आणि सपाट नमुना फसवतो. १० सेंटिमीटरमध्ये २८च टाके आले तर ७२ टाक्यांचा मोजा पावलापेक्षाही मोठा होईल, आणि सैल मोजा बुटात घासून लवकर विरतो, तेव्हा २.२५ किंवा २ मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. इतक्या बारीक लाकडी किंवा बांबूच्या सुया हात घट्ट असला तर मोडतात, म्हणून आपला पोलादी संच टाकून देऊ नये. तो या कामी येईल.

फटीचा दोष मात्र केवळ सुयांचा नाही. नव्या सुईवरचा पहिला टाका विणून झाल्यावर दुसरा टाका विणताना धागा ओढून घ्यावा. पहिल्याच टाक्यावर ओढल्याने तितका लाभ होत नाही. मोज्याच्या तोंडाशी दोन सुलट, दोन उलट अशी वीण असेल तर टाके १६, २०, १६, २० असे वाटावेत, म्हणजे प्रत्येक सुईची सुरुवात सुलट टाक्याने होते. उलट टाक्याने सुरू होणाऱ्या सुईवर फट हमखास रुंदावते. पोर्तुगालमध्ये धागा मानेभोवतून घेऊन, टोकाला आकडा असलेल्या पाच सुयांवर मोजे विणण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यात धाग्याचा ताण बोटांऐवजी मानेवर सांभाळला जातो. आपल्याला ती शिकण्याची गरज नाही. पण सांध्यावर धाग्याचा ताण एकसारखा राहिला, तर पहिली दहा-बारा वर्तुळे विणून झाल्यावर फट दिसेनाशी होईल.