‘संपलं’ हे चित्रही फलकावर हवं

प्रश्न : ताई, माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बोलतो फार थोडं. घरी आणि शाळेत चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून सांगतो. आमची समिती दरवर्षी कुटुंबांसाठी दोन दिवसांचा महोत्सव भरवते. मागच्या वेळी मीच आग्रह करून भाऊ-वहिनीला बोलावलं. रांगेत उभं असताना तो कान दाबून खाली बसला आणि ओरडायला लागला. लोक बघत राहिले. वहिनी त्याला घेऊन निघून गेली. आता ती म्हणते, “आम्हाला बोलावू नका.” यंदा मी चित्रफलकांचं सुचवलं, तर बैठकीत विचारलं गेलं, “एका मुलासाठी एवढा खटाटोप?” आणि माझी आई म्हणते, चित्रांची सवय लागली तर तो बोलणारच नाही. काय करू? – एक आत्या

उत्तर : प्रिय आत्या,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : तुमचा भाचा चित्रांवर बोट ठेवून सांगतो. म्हणजे त्याला सांगता येतं. रांगेत मात्र सांगायला काही हाताशी नव्हतं. ही रांग कशाची, किती वेळ थांबायचं, पुढे गेल्यावर काय, नको असेल तर कुठे जायचं, हे त्याला कळेल असं कुणी दाखवलंही नव्हतं. त्यात गर्दी आणि आवाज. कान दाबून खाली बसणं हेच त्या क्षणी त्याला करता येण्यासारखं होतं, आणि त्याने ते केलं.

म्हणून तुमची फलकांची कल्पना मला मनापासून पटली. फक्त तिची सुरुवात मैदानावर करू नका. सुरुवात त्याच्या घरी, आठवडाभर आधी व्हायला हवी. मैदानाचे, प्रवेशद्वाराचे, स्वच्छतागृहाचे, रंगमंचाचे खरे फोटो काढा आणि प्रत्येकाखाली एकेक साधं वाक्य लिहा. ‘इथून आपण आत जातो.’ ‘इथे गाणी मोठ्याने वाजतात.’ ‘आवाज नको वाटला, तर मी शांत खोलीत जाऊ शकतो.’ कॅरोल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा छोट्या गोष्टींची पद्धत रूढ केली. तिचा गाभा हा, की गोष्टीने मुलाला परिस्थिती समजावून द्यायची. ‘शहाण्यासारखं वाग’ असं बजावायचं नाही. आणि जे कठीण आहे तेही गोष्टीत यायला हवं. गर्दी लपवून नुसते हसरे फोटो पाठवलेत, तर पोरगं तुमच्यावर विश्वास का ठेवील?

आता फलकांकडे येऊ. बहुतेक आयोजक बाण आणि खुणा लावतात, ‘हे इकडे, ते तिकडे’, आणि काम झालं असं समजतात. ते हवंच. पण ते आपलं त्याला सांगणं झालं. त्याने आपल्याला काय सांगायचं? अँडी बॉंडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये जी चित्रकार्डांची पद्धत सुरू केली, तिच्यात मूल कार्ड उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि संवाद मूलच सुरू करतं. तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या गळ्यात अशा कार्डांचा छोटा संच हवा : अजून, नको, थांबा, पाणी, स्वच्छतागृह, आवाज जास्त आहे, दुखतंय, घरी जायचंय, संपलं. यातली ‘नको’ आणि ‘संपलं’ ही कार्डं माझ्या मते सगळ्यात गरजेची, आणि समित्या नेमकी तीच विसरतात. मुलाने ‘संपलं’ दाखवलं, तर तिथेच थांबायचं. ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे रेटलं, तर ते कार्ड निकामी झालं म्हणून समजा. स्वयंसेवकांना आणखी एक सांगा. कार्ड दाखवल्यावर गप्प राहून वाट पाहायची. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढ्यात प्रश्न पुन्हा विचारला, की त्याला सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

रांगेचं वेगळं सांगते, कारण घसरलं ते तिथेच. ‘आधी रांग, मग खेळ’ अशी दोन चित्रांची पट्टी आणि शक्यतो उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असं घड्याळ ठेवा. ज्यांना रांग झेपतच नाही त्यांना ठरलेल्या वेळी थेट आत सोडा. कार्यक्रम बदलला, तर तो घोषणेने सांगून भागत नाही. फलकावर ‘बदल’ची खूण लावून नवं चित्र चिकटवावं लागतं. खूण सगळीकडे तीच, शेजारी शब्द, उंची मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आणि कागद चकाकणारा नको. स्पेनमधल्या आरागॉनच्या प्रादेशिक सरकारचा ‘आरासाक’ हा चित्रसंग्रह बिगरव्यावसायिक वापरासाठी श्रेय देऊन मोफत वापरता येतो. पण त्याआधी वहिनीला विचारा, तुमचा भाचा कोणती चित्रं वापरतो. काही मुलांना रेखाचित्र कळतं, काहींना फोटोच लागतो, काहींना चित्रापेक्षा लिहिलेला शब्द बरा वाटतो.

आईंना सांगा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात विकासात्मक अडचणी असलेल्या ज्या २७ जणांबद्दल भक्कम पुरावा होता, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडं वाढलंच.

आणि बैठकीतल्या त्या प्रश्नाला उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न आहे. तुमच्या महोत्सवाला हजार माणसं येत असतील, तर हा ‘एका मुलाचा’ प्रश्न उरत नाही. यांतली बरीच कुटुंबं आज येतच नाहीत, म्हणून समितीला ती दिसत नाहीत. शिवाय तीच चित्रं अजून वाचता न येणाऱ्या लहानग्यांना, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना आणि भाषा न कळणाऱ्या पाहुण्यांनाही उपयोगी पडतात.

राहता राहिली वहिनी. त्या रागावलेल्या नाहीत, दमल्या आहेत. सगळ्यांच्या नजरा त्यांनी एकटीने झेलल्या. आग्रह करू नका, मदत मागा : “वहिनी, फलकांची चित्रं निवडायला तुम्ही दोघं मदत कराल का? तो म्हणेल ती चित्रं ठेवू. महोत्सवाला यायचं की नाही, ते नंतर तुम्ही ठरवा. आलात तर गर्दी व्हायच्या आधी, सकाळी या. दहा मिनिटांत निघालात तरी चालेल, मी तुमच्याबरोबर बाहेर येईन.” त्या ‘नको’ म्हणाल्या, तर ते ‘नको’ही माना आणि फलक मात्र लावाच.

– तुमची ताई