बालगंधर्वची तारीख सोडून दे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कवितावाचनासाठी बालगंधर्व रंगमंदिराची कोणाचीतरी रद्द झालेली तारीख मिळाली, हा तुझा मेसेज काल रात्री वाचला. कौतुक वाटलं आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. कवितावाचनाला किती माणसं येतील, असं मी मागे विचारलं होतं, तेव्हा तू ‘शंभर तरी नक्की’ म्हणाली होतीस. तिथे खुर्च्या हजाराच्या आसपास. शंभर माणसं आली तरी ती पांगून बसणार. निम्मी शेवटच्या रांगांत, मध्येच उठून जाता यावं म्हणून. माईकवरून ‘पुढे या’ म्हटलं तर पुणेकर हलत नाही, हे तुला माहीत आहेच. अशा वेळी एका कोपऱ्यातली ‘वा!’ दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. दाद ही शेजाऱ्याची ऐकून दिली जाते गं. हीच शंभर माणसं सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर बोलाव, मग बघ.

दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठव. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे प्रायोगिक नाटकं केली. शाळेचाच हॉल तो, त्यात थाटमाट कुठून असणार? पण स्टेशनातून बाहेर पडलं की गल्लीत. आणि दादरला पश्चिम आणि मध्य, दोन्ही लाइनी भेटतात. ऑफिस सुटलं की बोरिवलीचा आणि डोंबिवलीचा माणूस सारख्याच सोयीने नाटकाला येऊ शकायचा, शेवटची लोकलही गाठायचा. शिवाय नट हाताच्या अंतरावर. त्या चळवळीचं श्रेय लेखक-दिग्दर्शकांना देतात ते बरोबरच. थोडं त्या गल्लीलाही द्यावं, असं मला वाटतं.

तू म्हणशील, ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सव तर रमणबागेतून २०१८ मध्ये मुकुंदनगरला गेलं, तरी श्रोते गेलेच की! गेले. १९५३ पासूनची पुण्याई होती ती. पेठेतून चालत येणारे आजोबा कुरकुरले, पण पोचले. तुझा कार्यक्रम पहिलाच आहे. तुझ्यासाठी कोणी दोन बस बदलणार नाही.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. खूप वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल मी गाण्यासाठी घेतला. बघायला गेलो मंगळवारी सकाळी अकराला. काय शांतता! काय उजेड! कार्यक्रम होता शनिवारी संध्याकाळी. गाणाऱ्या बाईंनी तानपुरा काळी चारच्या सुराला लावला आणि खालून लग्नाची बेंजो पार्टी सुरू झाली. त्यांचा सूर भलताच. बाई दोन मिनिटं डोळे मिटून बसल्या, मग मला म्हणाल्या, ‘यांचं कधी उरकणार?’ मी धावत खाली गेलो, तर मुलीच्या मामांनी माझ्या हातात जिलबीची ताटली दिली. त्या माणसावर चिडायचं तरी कसं? तारीख त्यांचीही होती. खाली काय आहे हे मीच विचारलं नव्हतं.

म्हणून जागा बघायची ती त्याच वारी, त्याच वेळेला. मधोमध उभी राहून एक टाळी वाजव. घुमली तर तिथे कविता ऐकू येईल, कळणार नाही. जिना किती पायऱ्यांचा आहे ते मोज, तुझ्या श्रोत्यांतले निम्मे साठीपुढचे असतील. बायकांचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघ, मॅनेजरच्या ‘आहे की’वर जाऊ नकोस. मोकळ्या अंगणात करणार असशील तर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हे धरूनच वेळ लाव. आणि मध्यंतरात चहा कुठे द्यायचा ते ठरव. माणसं कवितेवर बोलतात ती चहाच्या टेबलापाशीच. ती सोय नसेल तर सगळे पार्किंगकडे पळतात.

बालगंधर्ववर राग नाही हं माझा. तीनशे माणसं उभी राहून परत जायला लागली की आपणच तिथे अर्ज करू.

रविवारी संध्याकाळी सहाला सुदर्शनपाशी ये. मीही येतो. आणि डिपॉझिट परत मिळतं का, ते आजच्या आज फोन करून विचार.

तुझा,
काका